धरसोड की चाचपणी? मंडळात नवनवे खेळ करून बघणारी मुलं

उल्हासकाठ

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, यंदा पाचवीत गेला. आम्ही बदलापूरला राहतो. गेल्या तीन वर्षांत तो तबल्याला गेला, चित्रकलेला गेला, स्केटिंगला गेला. तबला चार महिने टिकला, चित्रकला दोन, आणि स्केटिंग सहा आठवडे. स्केटिंगवाल्यांनी वर्षाची फी आधीच भरून घेतली होती, ती बुडाली. तेव्हापासून घरात त्याच्यासाठी एक शब्द ठरून गेलाय, 'धरसोड'. सासूबाई म्हणतात, नवरा म्हणतो, कधी चिडून मीही म्हटलंय. परवा जिन्यात तो खालच्या मजल्यावरच्या मुलाला सांगत होता, "माझं काही खरं नसतं, मी धरसोड आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मे महिन्यात आमच्या भागातल्या क्रीडा मंडळाचं शिबिर झालं. वीस दिवस, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, फी सगळी मिळून पाचशे रुपये. पहिले दहा दिवस सगळ्यांनी सगळं करायचं : मल्लखांब, खो-खो, लेझीम, तंबू ठोकणं, दोरीच्या गाठी, एक छोटं पथनाट्य. पुढचे दहा दिवस ज्याला जे आवडेल ते. हा पाच वाजताच पाण्याची बाटली गळ्यात अडकवून दारात उभा असायचा. घरी आला की बनियनला एरंडेलाचा वास आणि गुडघ्यांना लाल माती. मी एकदा लपून बघून आले. सातवी-आठवीतला एक मुलगा त्याचा पाय धरून खांबाला कुठे लावायचा ते दाखवत होता आणि माझा मुलगा, जो घरी एक गोष्ट दोनदा सांगितली की पाय आपटतो, तो आठ वेळा घसरून नवव्यांदा खांबापाशी उभा होता.

आता शाळा सुरू झाली. मंडळ वर्षभर चालतं, महिन्याला दोनशे रुपये. मुलाला मल्लखांब हवाय, खो-खो हवाय आणि पथनाट्याच्या गटातही राहायचंय. नवरा म्हणतो, एक काय ते धर आणि दहावीपर्यंत सोडू नकोस. मला वाटतं की बघू दे ना त्याला. पण दिवाळीपर्यंत यातलं काहीतरी सुटणार हे मलाही दिसतंय. सुटू द्यावं का? किती दिवसांनी? ज्यांची मुलं अशा मंडळांत गेली आहेत, जे स्वतः शिकवतात, त्यांनी कृपया लिहा.

रानजाई

अगदी माझ्या घरची गोष्ट. वाचत राहणार आहे.

वारणेचा_वारा

ताई, मी सांगली जिल्ह्यात गेली एकोणीस वर्षं खो-खो शिकवतोय. नोकरी सांभाळून, संध्याकाळी. म्हणून जरा लांबवर लिहितो, सांभाळून घ्या.

आमच्याकडे दर जूनला पंचवीस-तीस नवी पोरं येतात. दसऱ्याला त्यातली बारा-चौदा उरतात. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण गेलेल्यांपैकी कोण कबड्डीला गेला, कोण धावायला लागला, एक तर आता हलगी वाजवतो आणि काय वाजवतो! मैदानावर आला नसता तर आपल्याला ताल कळतो हे त्याला कळलंच नसतं, कारण लेझमीच्या वेळी हलगी पहिल्यांदा त्याच्या गळ्यात आमच्याकडेच पडली.

तुमच्या 'किती दिवसांनी' या प्रश्नाचं उत्तर मी पालकांना असं देतो. पहिला आठवडा नवलाईचा. दुसऱ्या आठवड्यात मांड्या भरून येतात. खो-खोत पोराला पाटीवर, म्हणजे मधल्या रेषेवरच्या आपल्या चौकोनात, उकिडवं बसावं लागतं, पाठीमागून 'खो' आला की त्याच क्षणी उठून पळायचं असतं. नव्या पोराला जिना उतरता येत नाही इतक्या मांड्या दुखतात. नेमक्या याच आठवड्यात पोरगं म्हणतं, "मला नाही जायचं." तेव्हा सोडू देऊ नका. पोराला तेव्हा खेळ नको असतो असं नाही, त्याला दुखणं नको असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंग मोकळं होतं. त्यानंतर महिनाभर खेळून जर ते म्हणालं की नको, तर ते खरं 'नको' आहे. तेव्हा सोडू द्या, आणि घरात त्यावर एक शब्द बोलू नका.

दुसरी गोष्ट. सोडायचं तर पोरानं स्वतः येऊन सांगायचं. आईनं फोनवर कळवायचं नाही. आमच्याकडे पोरगं येतं, मान खाली घालून म्हणतं, "सर, मी उद्यापासून येणार नाही." मी विचारतो, काय आवडलं, काय नाही. मग सगळ्यांना हात मिळवून जातं. असं गेलेलं पोरगं परत येऊ शकतं. गुपचूप यायचं बंद झालेलं पोरगं त्या रस्त्यानं जाताना तोंड लपवतं. मी पाहिलंय. दुकानात समोर आलं तर आईच्या मागं दडतं.

खो-खोबद्दल थोडं सांगतो, कारण लोकांना हा नुसता पळापळीचा खेळ वाटतो. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय उलट फिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठंही जायची मुभा. म्हणजे एकट्याच्या जोरावर गडी मारता येत नाही, योग्य वेळी योग्य पाटीवर 'खो' देऊन खेळ दुसऱ्याच्या हातात सोपवावा लागतो. शाळेत पहिल्या बाकावर बसणारं हुशार पोरगं इथं सुरुवातीला अडतं. त्याला स्वतःच गडी मारायचा असतो. आणि वर्गात कधी न बोलणारी पोरगी 'खो' ओरडायला शिकते, कारण आवाज आला नाही तर तो खो धरत नाहीत. पहिल्या दिवशी तिचा खो ऐकूच येत नाही. पंधरा दिवसांत मैदानाच्या पलीकडून येतो.

आणि भविष्याचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध. दोन्ही कर्णधार आपले, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. त्या रात्री आमच्या मैदानावर पोरांनी मोबाइल खांबाला बांधून सामना बघितला. पण मी नव्या पोरांच्या पालकांना हे आधी सांगत नाही. आधी पोराला मांड्या भरू द्या.

चाळकरी

दादा, तुमचा प्रतिसाद आवडला, पण मी थोडं वेगळं म्हणेन. दिवसाचे दोन तास हाताशी असताना तीन-तीन गोष्टींत मूल विखुरतं. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स यांत लहान वयातच शरीर घडतं. बाराव्या वर्षी 'मला आता एकच करायचंय' म्हटलं तर शेजारचं मूल पाच वर्षं पुढे गेलेलं असतं. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. मध्यमवर्गीय घरानं याचा विचार का करू नये? मुलाच्या बाबांचं म्हणणं मला चूक वाटत नाही.

दोरीवरची

मी दादरची. मुलगी आता तेरा वर्षांची आहे, दोरीचा मल्लखांब करते. चाळकरी, तुमचा मुद्दा मला पटतो आणि तरीही आमच्या घरी उलट घडलं, म्हणून लिहिते.

सातव्या वर्षी तिला शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिरात घेऊन गेले होते, केवळ बघायला. १९२५ पासूनची संस्था. उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते तिथलेच. अंध मुलांनाही त्यांनी मल्लखांब शिकवला हे वाचलं होतं, म्हणून मनात आदर होता. पण लेकीला त्या दिवशी भीती वाटली, ती माझा हात सोडेना. मी ओढत नेलं नाही. दोन वर्षं ती घराजवळच्या एका मंडळात जायची. तिथे लंगडी, लगोरी, लेझीम, सगळंच थोडं थोडं. सुट्टीत तिथल्या ताईंनी झाडाला एक दोरी बांधली. नुसतं धरून लोंबकळायचं. बाकीच्या मुली दोन दिवसांत कंटाळल्या, ही उतरेना.

दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरावी लागते. तीच पहिली पकड. पहिले काही दिवस तिथली कातडी सोलून निघते. रात्री पायाला खोबरेल लावताना मी म्हटलं, "उद्या नको जाऊ." ती म्हणाली, "आई, आज मी दोन्ही हात सोडले होते." तिच्या आवाजात जे होतं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. नवव्या वर्षी तिनंच मला सांगितलं की आता मला नीट शिकायचंय. तेव्हा सुरुवात झाली. सातव्या वर्षी मी रडत बसवलं असतं तर ती दोरीच्या जवळही गेली नसती, असं मला मनापासून वाटतं.

हिमानी परबला मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा लेकीनं ते कात्रण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. अजून आहे.

वारणेचा_वारा

@चाळकरी, तुम्ही म्हणता ते चुकीचं नाही. वरच्या स्तरावर जायचं तर एक धरावं लागतं, आणि मल्लखांबात ते लवकर धरावं लागतं. पण ती निवड पोराची असली तरच ते सकाळी साडेपाचला उठतं. बापाच्या निवडीसाठी उठलेलं पोरगं दोन वर्षं उठतं, तिसऱ्या वर्षी त्याचं पोट दुखायला लागतं. रोज. डॉक्टरला काही सापडत नाही.

गोदाघाट

मंडळ कसं निवडावं यावर लिहायलाच हवं, म्हणून कडू अनुभव सांगते. नाव सांगणार नाही.

आमच्या मुलाला एका क्लबात घातलं होतं. जाहिरात सुंदर, 'अष्टपैलू विकास', पंधरा उपक्रम. मी पंधरा दिवस आत जाऊन बघितलंच नाही, ती माझी चूक. एक दिवस लवकर पोचले तर उंच बारवरून मुलं उड्या मारत होती आणि खाली गादी नव्हती, नुसती फरशी. विचारलं तर म्हणाले, गाद्या धुवायला काढल्यात. शेजारी एका जाड मुलाला शिक्षक सगळ्यांसमोर 'पोतं' म्हणत होते आणि मुलं हसत होती. त्यांत माझा मुलगाही हसत होता. मला फरशीपेक्षा त्या हसण्याची जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी काढलं. फी परत मिळाली नाही.

तेव्हापासून मी कुठेही आधी तीन संध्याकाळ नुसती बसून बघते. बसू देत नसतील तर तिथूनच परत. उडी आहे तिथे खाली गादी किंवा भुसभुशीत माती आहे का. मुली असतील तर एखादी ताई कायम हजर असते का, कपडे बदलायला बंद जागा आहे का. मुलाला एकट्याला थांबवून घेतात का, सहलीला जाताना लेखी परवानगी मागतात का. प्रथमोपचाराची पेटी उघडून बघते, कारण बऱ्याच ठिकाणी पेटी असते आणि आत वाळलेली आयोडिनची बाटली असते. आणि सगळ्यात आधी बघते की ज्याला जमत नाही त्याच्याशी शिक्षक काय बोलतात. ज्याला जमतं त्याच्याशी सगळेच गोड बोलतात.

उल्हासकाठ

@गोदाघाट, तुमचे फार आभार. आमच्याकडे गादी आहे, पण खांबाच्या एकाच बाजूला. मी उद्याच बोलते.

टेम्सतीर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटलेला पाहिला.

मुलगी इथल्या स्काऊटच्या 'कब्ज' गटात जाते. आठ ते साडेदहा वर्षांची मुलं. त्याआधी 'बीव्हर्स', सहा ते आठ. आठवड्यातून एक संध्याकाळ. दर आठवड्याला काहीतरी वेगळं : एकदा शेकोटी पेटवणं, एकदा नकाशा वाचणं, एकदा जखमेला पट्टी बांधणं, एकदा म्हाताऱ्या लोकांच्या घरी जाऊन गाणी म्हणणं. एखादी गोष्ट पुरी केली की कापडी बिल्ला मिळतो, तो आईबापांनी गणवेशावर शिवायचा. माझी सुई-दोऱ्याशी ओळख तिथे झाली. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, कुणी प्लंबर, कुणी नर्स.

मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटलं की तिथे 'सोडणं' हा शब्दच येत नाही. मूल एका खेळाचं सभासद नसतं, गटाचं असतं. नकाशा आवडला नाही? पुढच्या आठवड्यात दुसरं काही आहे. माणसं तीच, मित्र तेच. माझी मुलगी आल्यावर पहिले सहा महिने घराबाहेर इंग्रजीत बोलतच नव्हती. तंबूचे खिळे ठोकताना पहिल्यांदा बोलली. हातोडी मागायची होती.

उल्हासकाठ ताई, तुमच्या मंडळाचं वर्णन वाचून मला तेच दिसलं. तुमचा मुलगा मल्लखांब सोडेल, खो-खो धरेल, पण मंडळात राहील. मग त्याला धरसोड कसं म्हणायचं?

कुंभारवाडा

टेम्सतीर यांनी बरोबर बोट ठेवलं. मी इचलकरंजीची, वय साठच्या पुढे. माझं बालपण राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत गेलं. १९४१ साली सेवा दलाची पुन्हा बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख होते, साने गुरुजींचा जिव्हाळा त्याला लाभला. आमच्या वेळी शाखेत मुलं-मुली एकत्र यायची, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. माझ्या वडिलांना चार लोकांनी विचारलं होतं.

शाखेत खेळ होता, लेझीम होती, समूहगान होतं, कलापथक होतं. निळू फुले सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले, स्मिता पाटीलही सेवा दलाच्या संस्कारातल्या. मला अभिनय अजिबात जमला नाही. दोन वाक्यं होती, तीही विसरले. ताई म्हणाल्या, "तू पडदा ओढ." मी पडदा ओढू लागले. मग कपडेपट बघू लागले. मग दौऱ्याचा हिशोब माझ्याकडे आला. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात ताईंनी पत्र्याची पेटी दिली आणि एस.टी.च्या तिकिटांपासून चहापर्यंत सगळं लिहायला लावलं. पुढे मी सदतीस वर्षं एका सहकारी संस्थेत हिशोबनीस म्हणून काम केलं. पहिली पेटी ती पत्र्याची.

नाटक जमलं नाही म्हणून कुणी मला घरी पाठवलं असतं तर? म्हणून सांगते, जिथे न जमणाऱ्या मुलाला दुसरं काम शोधून देतात, ते मंडळ चांगलं. गादीचं बघाच, पण हेही बघा.

रानजाई

कुंभारवाडा मावशी, डोळ्यांत पाणी आलं.

चाळकरी

मान्य करतो. मी मुलाला सहाव्या वर्षापासून एकाच खेळात ठेवलं होतं. तो चांगला खेळतो. पण परवा विचारलं की आवडतं का, तर म्हणाला, "माहीत नाही, दुसरं काही कधी केलंच नाही." हा धागा वाचल्यावर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

दोरीवरची

@चाळकरी, उशीर झालेला नाही. रविवारी एखाद्या किल्ल्यावर पाठवा, गटाबरोबर. तुमच्याशिवाय.

उल्हासकाठ

आज दिवाळीची सुट्टी लागली, म्हणून सांगायला आले.

गादी दुसऱ्या बाजूलाही आली. आम्ही सहा पालकांनी मिळून आणली. मंडळाच्या दादांनी उलट आभार मानले.

मुलाच्या मांड्या खरंच दुसऱ्या आठवड्यात भरल्या. वारणेच्या दादांचं ऐकून मी गप्प बसले, गरम पाण्यानं शेकून दिलं आणि पाठवलं. चौथ्या आठवड्यात तो जिन्यावरून पळत उतरला. पथनाट्य मात्र गणपतीनंतर सुटलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "आई, तू सांग ना." मी सांगितलं नाही. दोन दिवस मैदानावर जाऊन न बोलताच परत आला. तिसऱ्या दिवशी बोलला. दादांनी विचारलं, मग डफ वाजवशील का, वाजवणारा कमी आहे. तबल्याचे चार महिने कामाला आले! सासूबाईंनी ते ऐकलं आणि माळ्यावरचा तबला स्वतः पुसून खाली काढला. त्यांनी 'धरसोड' शब्द तेव्हापासून काढलेला नाही. नवऱ्यानं अजून एकदा काढला होता, तेव्हा मुलगाच म्हणाला, "बाबा, मी नाटक सोडलं, सांगून सोडलं."

मल्लखांबावर त्याला आता साधी तेढी येते, म्हणजे खांबावर उलटं होऊन पायांनी पकड घेणं. काल पहिलीतला एक नवा मुलगा आला होता, खांबाला घाबरून लांब उभा. हा त्याच्याजवळ गेला आणि एरंडेलाची वाटी पुढे करून म्हणाला, "आधी हाताला लाव. वास येतो, पण सवय होते."

एक विचारायचं राहिलं. @वारणेचा_वारा दादा, थंडीत संध्याकाळी लवकर अंधार पडतो आणि आमच्या मैदानावर एकच दिवा आहे. तुमच्याकडे खो-खोची वेळ बदलता की दिवे लावता?

वारणेचा_वारा

ताई, वेळ अर्ध्या तासानं अलीकडे घेतो आणि पळतीचा सराव आधी उरकतो. अंधार पडायला लागला की पाटीवरची उठबस आणि दोरीउड्या, त्याला एक दिवा पुरतो. दिव्यासाठी वॉर्डाच्या नगरसेवकाकडे अर्ज द्या, पण त्यावर पालकांच्या सह्या घ्या, मंडळाच्या एकट्याच्या सहीवर अर्ज पडून राहतो. मजकूर लागला तर आमच्या अर्जाची प्रत संपर्कातून पाठवतो.